‘मी’ कोणाच्या आवाजात? : भूमिकाखेळातील पात्राच्या वाचेचा प्रश्न

१

संगणकीय खेळांचा एक प्रकार असा आहे, की त्यात खेळणारी व्यक्ती एका पात्राची भूमिका स्वीकारते आणि त्या पात्राच्या वतीने निर्णय घेत कथा पुढे नेते. इंग्रजीत त्याला ‘रोल-प्लेइंग गेम’ म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यासाठी ‘भूमिकाखेळ’ आणि खेळणाऱ्याने स्वीकारलेल्या पात्रासाठी ‘भूमिकापात्र’ या संज्ञा योजल्या आहेत. अशा खेळात संवादाचे प्रसंग पुष्कळ असतात. समोरचे पात्र काही बोलते, पडद्यावर तीनचार संभाव्य उत्तरे लिहून येतात, खेळणारा त्यांतील एक निवडतो. प्रश्न येथेच उपस्थित होतो. निवडलेले वाक्य एखाद्या नटाच्या आवाजात ऐकू यावे, की ते निःशब्दच राहून कथा थेट समोरच्याच्या प्रत्युत्तराकडे जावी? चित्रपटाच्या इतिहासातले शब्द वापरायचे तर, भूमिकापात्र सवाक असावे की मूक?

वरवर पाहता हा तंत्राचा आणि खर्चाचा प्रश्न वाटेल. खेळणारे आणि खेळ घडविणारे या दोन्ही वर्गांत त्यावर गेली अनेक वर्षे वाद चालू आहे, आणि तो बहुधा आवडीनिवडीच्या पातळीवर राहतो. सवाक पात्र जिवंत वाटते, असे एक पक्ष म्हणतो; मूक पात्र आपले वाटते, असे दुसरा म्हणतो. ‘जिवंत’ आणि ‘आपले’ या दोन विशेषणांमागे दोन भिन्न वाङ्मयीन व्यवस्था आहेत, हे मात्र या वादात क्वचितच लक्षात घेतले जाते. एखाद्या संहितेतील प्रथमपुरुषी सर्वनाम कोणी उच्चारावयाचे, हा मूळ प्रश्न आहे. तो निवेदनमीमांसेचा आहे, नाट्यशास्त्राचा आहे आणि मौखिक परंपरेचाही आहे.

या शेवटच्या कारणामुळेच खानदेशातून या प्रश्नाकडे पाहणे उपयुक्त ठरते. जळगाव-धुळे परिसरात लेवा बोली, अहिराणी आणि प्रमाण मराठी एकाच वर्गात, कित्येकदा एकाच घरात, शेजारी शेजारी नांदतात. ‘मला’ हा साधा शब्द लेवा बोलीत ‘मले’ होतो आणि अहिराणीत ‘माले’. शिवाय जात्यावर गाणाऱ्या स्त्रीचा आवाज कागदावर उतरताना काय राहते आणि काय जाते, याचे मराठीतील सर्वांत ठळक उदाहरण याच भूमीतील आहे. खेळांच्या जगात जो प्रश्न नवा समजला जातो, त्याचे जुने रूप येथे तपासता येते.

२

प्रथम प्रत्यक्ष व्यवहार पाहू. ‘मास इफेक्ट’ (२००७) या खेळाने भूमिकापात्राला संपूर्ण आवाज दिला. पुरुषपात्रासाठी मार्क मीर आणि स्त्रीपात्रासाठी जेनिफर हेल यांनी संवाद म्हटले. येथे एक सूचक तडजोड दिसते. खेळणाऱ्याला आपल्या पात्राचे पहिले नाव बदलता येते. आडनाव मात्र ‘शेपर्ड’ हेच राहते, कारण इतर पात्रांना त्याला कोणत्यातरी ध्वनिमुद्रित नावाने हाक मारावी लागते. त्याच संस्थेच्या ‘ड्रॅगन एज : ओरिजिन्स’ (२००९) मध्ये भूमिकापात्र मूक होते, तर ‘ड्रॅगन एज २’ (२०११) मध्ये ते सवाक झाले आणि त्याबरोबर त्याचे आडनावही ‘हॉक’ असे निश्चित झाले. आवाज आला की नाव येते, नाव आले की कूळ येते आणि कूळ आले की इतिहास येतो, असा हा क्रम आहे.

‘फॉलआउट ४’ (२०१५) हे या वादातील वारंवार उद्धृत होणारे उदाहरण. या मालिकेत त्यापूर्वी मूक असलेल्या भूमिकापात्रासाठी येथे दोन नटांनी प्रत्येकी १३,००० हून अधिक वाक्ये ध्वनिमुद्रित केली. तरी बोलण्याचे पर्याय मात्र प्रत्येक वेळी चारच, आणि तेही पडद्यावर दोनतीन शब्दांच्या सूचनेच्या रूपात. खेळणारा सूचना निवडतो आणि पात्र भलतेच लांब, किंवा भलत्याच सुरातले, वाक्य बोलून जाते. ही विसंगती इतकी खुपली, की खेळणाऱ्यांपैकीच काहींनी पूर्ण वाक्य आधी दाखविणारी जोडणी तयार केली. त्याच संस्थेने ‘स्टारफील्ड’ (२०२३) या पुढील मोठ्या खेळात भूमिकापात्र पुन्हा मूक केले. दरम्यान ‘द विचर ३’ (२०१५) मधील गेराल्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत बोलतो, आणि त्याच्या बोलण्याविषयी अशी तक्रार सहसा ऐकू येत नाही. गेराल्ट हा मुळात पोलिश लेखक आंद्रेय सापकोवस्की यांच्या कथा-कादंबऱ्यांतील नायक आहे. तो कोण, हे खेळणाऱ्याने ठरवावयाचे नसते. त्याने काय करावे, एवढेच ठरवावयाचे असते.

सर्वांत बोलके उदाहरण ‘बाल्डर्स गेट ३’ (२०२३) चे. या खेळातील ॲस्टेरियन हे पात्र सहप्रवासी म्हणून आले, तर भरभरून बोलते. त्याच्या आवाजातील लकबी हेच त्याचे व्यक्तिमत्त्व. परंतु खेळणाऱ्याने ॲस्टेरियनचीच भूमिका घेतली, तर संवादात त्याच्या तोंडची वाक्ये बहुतांशी निःशब्द होतात. पात्र तेच, नट तोच, संहिताही पुष्कळशी तीच. बदलले आहे ते एवढेच, की ‘तो’ आता ‘मी’ झाला आहे. तृतीयपुरुषी असताना ज्या आवाजाने पात्र उभे राहते, तोच आवाज प्रथमपुरुषात अडसर ठरू शकतो, असे येथे खेळाच्या रचनेनेच मान्य केलेले दिसते.

३

याची मीमांसा करण्यासाठी भरताने सांगितलेले अभिनयाचे चार प्रकार, म्हणजे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक, हे चांगले साधन ठरते. भूमिकाखेळात आहार्य खेळणाऱ्याकडे सोपविलेले असते. चेहरा, केस, वस्त्रे, शस्त्रे तोच निवडतो. आंगिक अभिनय तो यंत्राच्या मध्यस्थीने करतो. बोट हलते आणि पडद्यावरचा देह धावतो. सात्त्विक अभिनय म्हणजे अंतःकरणाच्या अवस्थेतून आपोआप उमटणारे विकार, आणि त्यांचे स्थान खेळणाऱ्याच्याच देहात असते; घाम त्याच्या तळहाताला येतो. उरतो तो वाचिक. सवाक भूमिकापात्रात एवढा एकच अभिनय खेळणाऱ्याकडून काढून घेऊन तिसऱ्याच व्यक्तीकडे दिला जातो. एकाच भूमिकेची अशी वाटणी झाल्यावर ती सांधा सोडते, यात आश्चर्य नाही.

यावर एक बळकट आक्षेप संभवतो. रंगभूमीवर नट बोलतोच. त्याचा आवाज त्याचा स्वतःचा, विशिष्ट, ओळखू येणारा असतो. तरीही प्रेक्षकाला रसास्वाद मिळतो. भट्टनायक आणि अभिनवगुप्त यांनी ज्याला साधारणीकरण म्हटले, त्यात देश, काल आणि व्यक्ती यांची विशिष्टता गळून पडते आणि भाव सर्वसामान्य रूपात प्रतीत होतो. मग नटाचा आवाज नाटकात आड येत नसेल, तर खेळातच का यावा?

उत्तर असे, की साधारणीकरणाचा सिद्धांत प्रेक्षकासाठी आहे. प्रेक्षक करीत नाही, पाहतो. त्याचे कर्तृत्व स्थगित असते आणि म्हणूनच नटाची विशिष्टता त्याच्या दृष्टीने विरघळू शकते. भूमिकाखेळ खेळणारा मात्र एकाच वेळी प्रेक्षक आणि नट असतो. न. चिं. केळकरांनी वाङ्मयानंदाचे स्वरूप सांगताना ‘सविकल्प समाधी’ ही कल्पना मांडली. स्वतःच्या भूमिकेचे भान न सोडता दुसऱ्याच्या भूमिकेत शिरण्याचा तो आनंद. ही कल्पना वाचकाविषयी होती, तरी भूमिकाखेळाला ती अधिक काटेकोरपणे लागू पडते. खेळणाऱ्याला आपण खुर्चीत बसलो आहोत हे ठाऊक असते आणि आपण राज्य वाचवीत आहोत हेही ठाऊक असते. हा दुहेरी तोल मूक वाक्यात टिकतो, कारण ते वाक्य तो मनात म्हणतो आणि मनातल्या आवाजाला दोन्ही भूमिका एकदम पेलता येतात. बाहेरून आवाज आला, की त्याला एक भूमिका सोडून प्रेक्षकाच्या जागी जाऊन बसावे लागते.

पाश्चात्त्य विचारातही याला आधार आहे. एमिल बाँवनिस्त यांनी दाखवून दिले, की ‘मी’ या शब्दाला स्वतःचा असा वाच्यार्थ नसतो. जो उच्चारतो तो त्या क्षणी ‘मी’ होतो. वोल्फगांग इझर यांच्या वाचनविचारात संहितेतील रिक्त जागा वाचकाला कृतिप्रवण करतात. रोलां बार्थ यांनी १९७२ मधील निबंधात आवाजाच्या पोतात उच्चारणाऱ्याचा देह असतो, असे प्रतिपादिले. हे तीन विचार एकत्र ठेवले, तर असे म्हणता येते : ‘मी’ ही संहितेतील सर्वांत मोठी रिक्त जागा होय, आणि आवाज ती एका विशिष्ट देहाने भरून टाकतो. निवेदनात ती जागा लेखकाने भरली तर कलाकृतीची हानी होत नाही. परंतु जी संहिता वाचकाला ‘ये, ही जागा तुझी’ असे सांगूनच सुरू होते, तिने ती दुसऱ्याला देणे हा करारभंग आहे.

४

हा विचार बहुतेक वेळा इंग्रजी संहितांच्या आधारे मांडला जातो. मराठीत तो आणला, की एक वेगळीच अडचण समोर येते. इंग्रजीतील प्रथमपुरुषी क्रियापद बोलणाऱ्याचे लिंग सांगत नाही. प्रमाण मराठीत ‘मी जातो’ आणि ‘मी जाते’, ‘मी आलो’ आणि ‘मी आले’ असा भेद अटळ आहे. म्हणजे आवाज न देताही मराठी वाक्य ‘मी’ची जागा अर्धी भरून टाकते. भूमिकाखेळाची संहिता मराठीत लिहिणाऱ्याला प्रत्येक वाक्य दोनदा लिहावे लागेल, किंवा लिंगनिरपेक्ष रचना शोधाव्या लागतील. अशा रचना मराठीत दुर्मिळ नाहीत. ‘मी दार उघडले’ या कर्मणी प्रयोगात, ‘मी येईन’ या भविष्यकाळात, ‘मला हे मान्य नाही’ या चतुर्थीच्या रचनेत बोलणारा पुरुष की स्त्री हे कळत नाही. व्याकरणाच्या वर्गात रुक्ष वाटणारा प्रयोगविचार येथे एकाएकी वाङ्मयीन महत्त्व धारण करतो.

अहिराणी या बाबतीत प्रमाण मराठीच्या पुढे आहे. तिच्या वर्तमानकाळात ‘मी जास’, ‘तो जास’, ‘ती जास’ असे एकच रूप चालते. जाणारा कोण, हे क्रियापद सांगत नाही. ग्रिअर्सन यांनी भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात खानदेशीला नवव्या खंडात भिल्ली बोलींबरोबर स्थान दिले, आणि तेव्हापासून तिचे मराठीशी व गुजरातीशी असलेले नाते हा अभ्यासाचा विषय आहे. परंतु ‘मी जास’ या रूपाचे वाङ्मयीन सामर्थ्य आपण फारसे ओळखलेले नाही. धुळ्याच्या बाजारात हे रूप उच्चारले गेले, तर कोण बोलले हे आवाजावरून कळते. कागदावर ते कोणाचेही असू शकते. व्याकरणाने मोकळी ठेवलेली जागा आवाज बंद करतो, याचे याहून सोपे उदाहरण मिळणे कठीण.

लिपीचाही येथे एक वाटा आहे. खानदेशातील अनेक बोलणारे ‘ळ’च्या जागी ‘य’ उच्चारतात. ‘डोळा’ तेथे ‘डोया’ होतो. पडद्यावर ‘डोळा’ असे लिहिले असले, तरी शिरपूरचा किंवा यावलचा खेळणारा मनातल्या मनात ते आपल्या उच्चाराने वाचू शकतो. मूक वाक्य त्याला ही सूट देते. तेच वाक्य पुणेरी वळणाच्या आवाजात ध्वनिमुद्रित झाले, तर ही सूट संपते आणि ‘मी’ असे म्हणणारा पडद्यावरचा माणूस त्याच्यासाठी ‘तो’ बनतो.

५

‘मी’ची जागा मोकळी ठेवणारी कला आपल्याकडे नवी नाही. जात्यावरच्या ओवीत ती पूर्णत्वाला गेलेली आहे. ओवीतील ‘मी’ कोणा एका कवयित्रीचा नसतो. जी दळते तिचा असतो. भावाचे नाव, गावाचे नाव, सासर-माहेरची दिशा या जागा गाणारी आपल्या परीने भरते. एकीची ओवी दुसरी उचलते तेव्हा ती उसना अनुभव गात नाही. ओवीच्या साच्यात स्वतःला बसविते. आहार्य तिचे, आंगिक श्रम तिचे, वाचिकही तिचेच. अर्थाने पाहता ओवी हा प्रथमपुरुषी भूमिकाखेळ आहे, आणि त्याचा नियम असा, की भूमिका परंपरेने द्यावी आणि आवाज गाणारीने आणावा.

गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातील हजाराहून अधिक खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह केला. २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळाने त्यांतील ओव्या ध्वनिमुद्रणासह क्रमाने प्रसिद्ध केल्या. ध्वनिमुद्रित ओवी ऐकताना एक विलक्षण गोष्ट घडते. आपल्याला गाणारीचे नाव, गाव, वय कळते. तिच्या श्वासाची लांबी, जात्याची गती कळते. कागदावर हे काहीच नव्हते. मात्र त्याच क्षणी त्या ओवीतील ‘मी’ त्या बाईचा होतो. आपण आता गाणारे राहत नाही, ऐकणारे होतो. दस्तऐवज म्हणून हा लाभ अमूल्य आहे. ओवीच्या हस्तांतरणाच्या दृष्टीने तो एक विराम आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांच्या कवितेचा प्रवास या संदर्भात पुन्हा पाहण्याजोगा आहे. आसोद्यात जन्मलेल्या आणि जळगावात नांदलेल्या या निरक्षर कवयित्रीने शेतात आणि घरात काम करताना गाणी रचली. त्यांचे पुत्र कवी सोपानदेव चौधरी आणि सोपानदेवांचे मावसभाऊ यांनी ती वेळोवेळी लिहून घेतली, आणि बहिणाबाईंच्या निधनानंतर, १९५२ मध्ये, आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. महाराष्ट्राला बहिणाबाई भेटल्या त्या अशा, आवाजावाचून. मात्र लेवा बोलीची रूपे छापील पानावर राहिली, आणि त्यामुळे वाचणाऱ्याला त्या बोलीशी आपल्या जिभेने झटावे लागले. ही झटापट हाच त्या कवितेच्या वाचनाचा एक भाग आहे.

पुढे ही गाणी ‘मानिनी’ (१९६१) सारख्या चित्रपटातून आणि भावगीतांच्या मैफलींतून शास्त्रशुद्ध गळ्यांनी घराघरांत पोहोचविली. त्या चाली गोड आहेत आणि त्यांनी केलेले कार्य मोठे आहे. तथापि अध्यापनात एक अनुभव वारंवार येतो. पदव्युत्तर वर्गात बहिणाबाईंची चाल लागलेली कविता वाचायला सांगितली, की विद्यार्थी ती वाचत नाहीत. गुणगुणतात, आणि सर्वांचे गुणगुणणे सारखे असते. तीच मंडळी चाल न लागलेली कविता वाचतात तेव्हा रावेरकडचा विद्यार्थी ती घरातल्या बोलीसारखी सहज म्हणतो, साक्रीकडची विद्यार्थिनी तिला अहिराणीचा हेल देते, आणि प्रमाण मराठीत वाढलेला तिसरा अडखळत अडखळत एकेका रूपाचा अर्थ शोधतो. पहिल्या कवितेला एक ठरलेला आवाज मिळालेला आहे. दुसरीला प्रत्येक वेळी नवा मिळतो. भूमिकाखेळातील सवाक आणि मूक पात्रांत जो भेद आहे, तो हाच.

६

येथपर्यंतच्या विवेचनावरून मूक भूमिकापात्राचा एकतर्फी कैवार घेता येईल असे वाटेल. तसे करणे सोयीचे असले, तरी न्याय्य नाही. मौनालाही इतिहास असतो. ज्या समूहांना दीर्घकाळ आवाज मिळालाच नाही, त्यांना ‘तुम्ही मनातल्या मनात आपल्या बोलीत म्हणा’ असे सांगणे हे उदारतेचे सोंग ठरू शकते. खानदेशी बोली मराठी नाटक-चित्रपटांत आली ती बरीचशी गड्याच्या, मोलकरणीच्या किंवा हास्यपात्राच्या तोंडी. नायकाचा ‘मी’ प्रमाण मराठीतच बोलत राहिला. पडद्यावरचे मूक वाक्यही प्रमाण भाषेतच लिहिलेले असते. वाचणारा उच्चार बदलू शकेल. शब्द कसे बदलणार? ‘माझ्याकडे पैसे नाहीत’ या वाक्यातून ‘मनाजोडे पैसा नहीत’ कधीच वाचले जाणार नाही. म्हणजे मूक पात्राचे मोकळेपण आपण समजतो तितके सर्वांना समान नाही.

उलट बाजूचे उदाहरण खानदेशाच्या सीमेवरील मालेगावचे आहे. तेथे नासिर शेख यांनी ‘मालेगाव के शोले’ (२०००) हा चित्रपट स्थानिक कलावंतांना घेऊन तयार केला, आणि त्यातून विडंबन-चित्रपटांची एक परंपराच सुरू झाली. तिच्यावर फैजा अहमद खान यांनी २००८ मध्ये अनुबोधपटही केला. या चित्रपटांचे सामर्थ्य दृश्यांपेक्षा बोलण्यात आहे. ज्ञात नायकाच्या तोंडी मालेगावची बोली घातल्याबरोबर नायक मालेगावचा झाला. येथे आवाज देणे ही जागा बळकावण्याची नव्हे, परत मिळविण्याची कृती होती. तेव्हा आवाजाला सरसकट आक्रमक ठरविता येणार नाही. तो कोणी कोणाला दिला, हे पाहावे लागेल. मालेगावच्या नायकाला मालेगावने आवाज दिला. भूमिकापात्राला जेव्हा दूरच्या ध्वनिमुद्रणगृहातील नट आवाज देतो, तेव्हा देणारा आणि घेणारा यांच्यात असा कोणताच संबंध नसतो.

रचनेच्या दृष्टीने दोन खेळ येथे मार्गदर्शक आहेत. पुण्यातील नोडिंग हेड्स गेम्स या संस्थेच्या ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ (२०२०) मध्ये नायिका राजी ही नावगाव असलेली, भावाच्या शोधात निघालेली मुलगी आहे, आणि तिची कथा दुर्गा व विष्णू सांगतात. हा काटेकोर अर्थाने भूमिकाखेळ नाही. परंतु खेळणारा येथे राजी ‘होत’ नाही, तिच्या पाठीशी उभा राहतो, आणि अशा व्यवस्थेत आवाज शोभतो. दुसरे उदाहरण ‘डिस्को एलिझियम’ (२०१९) चे. त्याच्या २०२१ मधील सुधारित आवृत्तीत जवळजवळ सर्व संहिता सवाक झाली. नायकाच्या डोक्यातील चोवीस वृत्तीही, म्हणजे तर्क, सहानुभूती, अधिकारवृत्ती इत्यादी, बोलू लागल्या. निःशब्द राहिली ती मुख्यतः खेळणाऱ्याने निवडलेली उत्तरे. मनात येणारे विचार आपण ‘ऐकतो’, ते आपल्यावर येऊन आदळतात. बोलणे मात्र आपण करतो. ऐकणे आणि करणे यांच्यातील सीमारेषा इतक्या अचूकपणे ओळखणारी दुसरी रचना माझ्या पाहण्यात नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे हा प्रश्न आता आणखी एका वळणावर आला आहे. आवाजाची यांत्रिक प्रतिकृती करणे सुलभ झाले असून, तिच्या वापरावरील निर्बंध हा अमेरिकेतील खेळनटांनी जुलै २०२४ मध्ये पुकारलेल्या आणि वर्षभराने मिटलेल्या संपाचा प्रमुख मुद्दा होता. उद्या भूमिकापात्र अहिराणीत, लेवा बोलीत, किंवा खेळणाऱ्याच्या स्वतःच्याच आवाजात बोलू लागेल, अशी आशा कोणी दाखवील. आपल्याच आवाजाची यांत्रिक प्रतिकृती आपण न उच्चारलेले वाक्य बोलते, तेव्हा ते आपले बोलणे ठरते काय? उच्चारणे ही कृती आहे. आवाज हा केवळ तिचा अवशेष. कृतीशिवाय अवशेष निर्माण करणाऱ्या यंत्राने ‘मी’ची जागा भरत नाही, ती फक्त भरल्यासारखी दिसते. शिवाय अशा यंत्राला बोली शिकविण्यासाठी कोणाचे ध्वनिमुद्रण वापरले गेले, हा प्रश्न ओव्या गाणाऱ्या स्त्रियांपर्यंत जाऊन भिडतो, आणि त्याचे उत्तर केवळ तंत्रज्ञांवर सोपविता येणार नाही.

७

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष काढता येतील. पहिला असा, की ‘भूमिकापात्र सवाक असावे काय’ हा प्रश्न त्या सरसकट रूपात चुकीचा आहे. संहिता खेळणाऱ्याशी कोणता करार करते, हे आधी पाहावे लागते. जेथे पात्राला नाव, कूळ आणि पूर्वेतिहास आहे आणि खेळणारा त्याचा सोबती आहे, तेथे आवाज हा पात्राच्या देहाचा भाग आहे, आणि तो नाकारणे पात्राला अपुरे ठेवण्यासारखे आहे. गेराल्ट आणि राजी या वर्गात मोडतात. जेथे संहिता खेळणाऱ्याला नाव, रूप आणि नीती निवडावयास सांगून ‘मी’ची जागा त्याच्या स्वाधीन करते, तेथे वाचिक अभिनयही त्याच्याकडेच असावयास हवा. तेथे भाड्याचा आवाज हा श्रीमंती थाटाचा असला तरी उणेपणाच आहे.

दुसरा निष्कर्ष असा, की मूकपणा पुरेसा नाही. ‘मी’ची जागा खरोखर मोकळी ठेवावयाची, तर लिहिलेल्या वाक्याची भाषाही तपासली पाहिजे. मराठीत हे काम लिंगनिरपेक्ष रचनांपासून सुरू होईल आणि बोलींतील पर्यायी संहितेपर्यंत जाईल. अहिराणीत लिहिलेले मूक वाक्य हे प्रमाण मराठीतील सवाक वाक्यापेक्षा धुळ्याच्या खेळणाऱ्याला अधिक बोलते करील, असा माझा तर्क आहे. भोवतीचे जग मात्र पूर्ण आवाजाने भरलेले असावे, आणि त्यात बोली केवळ हास्यपात्रांच्या वाट्याला येऊ नयेत.

तिसरा निष्कर्ष समीक्षेच्या संदर्भातील आहे. आपल्या मौखिक वाङ्मयाच्या अभ्यासात आवाजाचा विचार बहुधा ‘हरवलेली गोष्ट’ म्हणून होतो. बहिणाबाईंचा आवाज आपल्याला मिळाला नाही, अशी खंत त्यामागे असते. ती खंत योग्यच आहे. परंतु त्या अभावातून वाचकाच्या कंठाला जे काम मिळाले, त्याचीही नोंद व्हावयास हवी. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ पासून बहिणाबाईंचे नाव आहे. त्यांच्या कवितेचे वाचन त्या परिसरातील वर्गांतून चाल बाजूला ठेवून, प्रत्येकाच्या बोलीत, मोठ्याने होत राहिले, तर ‘मी’ कोणाच्या आवाजात या प्रश्नाचा अभ्यास करण्यासाठी वेगळी प्रयोगशाळा लागणार नाही.